सत्कारातून उरलं तर

ऑगस्ट 2025मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा-सांगलीच्या वकील मंडळींची मुंबईची खेप वाचली. कित्येक वर्षांच्या लढ्याचं फळ. आनंद झाला तो रास्तच. अपील जवळ आलं. ज्या खटल्यावर अपील करायचं, तो खाली धड चालला का, एवढीच किरकोळ बाब राहिली.

पोक्सोचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, खटला घ्या. 2012च्या या कायद्याच्या कलम 32नुसार विशेष सरकारी वकिलाला किमान सात वर्षांची वकिली लागते. कसली, ते विचारायचं नाही. बांधाची भांडणं, न वटलेले चेक, पतसंस्थेची वसुली, सगळं चालतं. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे धरूनच चालायची सवय एव्हाना हाडीमाशी मुरलेली असते. मग एक दिवस पुढ्यात आठ वर्षांची पोर येते. प्रश्न न्यायाधीशांच्या तोंडून जातो, कलम 33 तसंच सांगतं. पण तो काढलेला असतो वकीलसाहेबांनी.

"घटना कोणत्या तारखेस घडली?"

"बेंदराच्या आदल्या दिवशी."

"तारीख सांग."

पोर गप्प. बचावाचे वकील खूश.

बेंदूर कधी होता हे पंचांगात सापडतं, शाळेच्या हजेरीपटाशी ताडता येतं. पण त्यासाठी आधी पोरीशी तासभर बोलावं लागतं, आणि तेही काही न पढवता. पढवलं की साक्ष गेली, न बोललं की पोर बुजली. या दोन्हींमधून वाट काढणं शिकवल्याशिवाय येत नाही. कायद्याच्या कलम 43मध्ये प्रशिक्षणाचा उल्लेख आहे म्हणा. उल्लेखाला खर्च येत नाही.

केंद्राच्या जलदगती विशेष न्यायालयांना निर्भया निधीतून पैसा मिळतो. हिशेब एक न्यायाधीश, सात कर्मचारी आणि किरकोळ खर्च असा मांडलेला. वकिलाला शिकवायचं कशातून, ते त्यांनी आपलं आपण बघावं.

प्रकरण गाजलं की मात्र हात सैल सुटतो. ऑगस्ट 2024मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला लोक रुळांवर उतरले आणि लगोलग विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांचं नाव जाहीर झालं. आटपाडीच्या नि जावळीच्या पोरींची पंचाईत आहे. तिकडे रूळच नाहीत.

तेव्हा सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांनी मिळून सरकारी वकिलांची एकदिवसीय कार्यशाळा घ्यावी, असं आम्ही सुचवतो. निधी कमी पडू नये म्हणून खर्चाची क्रमवारीही लावली आहे: मंडप, फ्लेक्स, पालकमंत्र्यांचं आगमन (दोन जिल्हे, दोन पालकमंत्री, म्हणून फ्लेक्स दुप्पट), दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांना साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे बेदाणे. मंत्रिमहोदय यायला साहजिकच उशीर होईल. 'लहान मुलांना प्रश्न कसे विचारावेत' हे सत्र त्यामुळे वेळेअभावी रद्द करावं लागेल. टिपणाच्या झेरॉक्स जेवणाच्या मंडपात, पाण्याच्या जारशेजारी ठेवल्या जातील. ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात.