तारापूरच्या वेढ्यात प्रेम कसं जमवावं

विनोदी ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहायचं तुम्ही ठरवलं आहे. अभिनंदन. घरच्यांना एवढ्यात सांगू नका.

आधी बाजार समजून घ्या. कुठल्याही मराठी वाचनालयात 'ऐतिहासिक'चं कपाट दर्शनी भागात असतं, फळ्या वजनाने वाकलेल्या. 'विनोदी'चं कपाट आत कुठेतरी, पंखा पोचत नाही तिथे. दोघांची आपसांत ओळख नाही. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे १८७१ पासून, मराठी कादंबरीत इतिहास आणि प्रेम एका घरात नांदतात. फक्त हसायला बंदी आहे. १९६२ च्या 'स्वामी'त माधवराव क्षयाने जातात आणि रमाबाई सती जातात. १९७२ च्या 'राऊ'त मस्तानीच्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. वाचक शेवटचं पान मिटतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, "वा, काय लिहिलंय!" आपल्याकडे इतिहासातलं प्रेम उत्तम जमलं याची खूण म्हणजे दोघंही उरत नाहीत.

इंग्रजांनी हा धंदा वेगळ्या रीतीने केला. जॉर्जेट हेयर या बाईंची पहिली कादंबरी १९२१ मध्ये आली आणि पुढची अनेक दशकं त्या उमरावांच्या गळपट्ट्यांच्या गाठी, फटकळ मुली आणि खोचक मावश्या लिहीत राहिल्या. शेवटी लग्न. आता त्याच घराण्यातली 'ब्रिजर्टन' मालिका २०२० पासून येते आहे आणि बोईसरच्या वन-आरकेत सेकंड शिफ्ट संपवून आलेली माणसं रात्री एक वाजता, हेडफोन लावून, ती बघतात. का बघतात? कारण दिवसभर साहेबाने झापलेलं असतं, आणि इथे साक्षात उमराव आईला घाबरतो, चिखलात घसरतो, आणि चार वाक्यांत एक वाक्य चुकीचं बोलतो. शिवाय शेवट गोड होणार याची हमी. एमआयडीसीत एवढी हमी कायम नोकरीलाही मिळत नाही. तेव्हा मागणी आहे, माल नाही. कामाला लागा.

१. काळ निवडा.

सतराव्या शतकाच्या आसपास फिरकू नका. कारण विचारू नका.

१७३९ घ्या. आपल्या बोईसर-तारापूर भागात पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ठाण मांडून बसले होते. त्यांना हुसकावायला चिमाजी आप्पांची फौज आली, जानेवारीत माहीम, केळवे, तारापूर असे एकेक किल्ले घेत गेली आणि मे महिन्यात वसई पडली. माणसं दोन्हीकडची, वेढा लांबलेला, हवा दमट. प्रेमाला अनुकूल.

आप्पांना मात्र तंबूतच ठेवा. बाजीराव-मस्तानीच्या प्रत्येक गोष्टीत त्यांच्या वाट्याला आडव्या येणाऱ्या धाकट्या दिराची भूमिका आली आहे. निदान तुमच्या पुस्तकात त्यांना शांतपणे लढू द्या. त्यांच्या फौजेतले बाजी भिवराव तारापूरच्या वेढ्यात पडले. त्या पानावर विनोद करायचा नाही. मान लववा आणि पुढच्या प्रकरणाला लागा.

२. किल्ला निवडा.

तारापूरचा किल्ला मोहात पाडेल. जपून. पेशव्यांनी तो पुढे विकाजी मेहेरजी या इथल्या पारशी व्यापाऱ्याला दिला आणि आजही तो खासगी मालकीचा आहे; आत वाडी आहे. परवानगी काढून जा. नायक तट चढून आत जातो म्हणून तुम्हीही जाऊन पाहावं असं नाही.

जवळच अणुऊर्जा केंद्र आहे. १९६९ पासून ते वीज देतंय, त्यामुळे नायिकेने बुरुजावरून रात्री दक्षिणेकडे झगमगाट पाहिला असं लिहू नका. आणि त्या बाजूला हातात वही घेऊन 'भिंतीची उंची किती, पहारा कधी बदलतो' अशी टिपणं काढू नका. "मी प्रेमकथेचा अभ्यास करतोय" हे उत्तर तिथल्या जवानांनी आजवर ऐकलेलं नाही आणि त्यांना ते आवडणारही नाही.

शिरगावचा किल्ला देखणा आहे, फांद्या फुटलेलं ताडाचं झाडही आहे, पण रविवारी तिथे प्री-वेडिंगवाले असतात. खऱ्या जोडप्यांना पाहिलं की कादंबरीतलं प्रेम खोटं वाटू लागतं. तुम्ही केळव्याचा पाणकोट घ्या. खाडीतला, जहाजासारखा, ओहोटीला चालत जाता येईल असा. का ते पाचव्या पायरीत कळेल.

३. नायक ठरवा.

इंग्लंडमध्ये ड्यूक मोजकेच होते. कादंबऱ्यांत ते लोकलच्या डब्यातल्यासारखे दाटीवाटीने उभे असतात. कोणाची हरकत नाही. आपल्याकडे सरदार घेतलात तर त्याचे वंशज आहेत, वंशजांचं प्रतिष्ठान आहे, प्रतिष्ठानचं लेटरहेड आहे. सरदार घोड्यावरून पडला असं लिहिलंत की दुसऱ्या दिवशी निवेदन. शिलेदार घेतलात तर त्याच्या गावचं मंडळ. घोडा घेतलात तरी कोणीतरी विचारेल, घोडा कोणाचा?

म्हणून कारकून घ्या. कारकुनाचे वंशज पुष्कळ आहेत, पण त्यातलं कोणी कबूल करत नाही. तटाखाली सुरुंग लावणाऱ्यांच्या दारूखात्यातला कारकून घ्या. बोईसरच्या वाचकाला तो लगेच आपला वाटेल: माल आला, माल गेला, सही कोणाची, दोन पोती भिजली त्याचा जाब कोण देणार. नायक नायिकेकडे पाहत असताना पोतं मोजायला चुकतो आणि वेढा अर्धा दिवस लांबतो. मराठी कादंबरीत प्रेमामुळे साठ्याचा ताळा न जुळल्याचं हे पहिलं उदाहरण ठरेल.

४. नायिका ठरवा.

पोर्तुगीज कप्तानाची पुतणी असं पहिल्यांदा सगळ्यांनाच सुचतं. पण वसई पडल्यावर शत्रूच्या स्त्रियांना सन्मानाने परत पाठवल्याची कथा इथे घरोघरी सांगितली जाते. त्यामुळे तुमचा नायक तिच्यासाठी जास्तीत जास्त छत्री धरू शकतो. साडेतीनशे पानं छत्री धरून उभा राहणारा नायक चालत असेल तर खुशाल घ्या.

इथली मुलगी घेतलीत तर अडचण वेगळी. ती कोणत्या समाजाची? जो समाज निवडाल त्याचा वधूवर मेळावा आणि स्मरणिका आहे. स्मरणिकेत तुमच्याविषयी एक पान येईल आणि ते जाहिरातीचं नसेल. यावर एकच उपाय आहे: नायिकेला आडनाव देऊ नका. वडिलांचा धंदाही सांगू नका. ती संध्याकाळी खाडीकाठी असते, एवढं पुरे. तिची बोली मात्र नीट लिहा. वाडवळी लिहायची तर वाडवळी बोलणाऱ्या आजीकडून, मांगेली लिहायची तर सातपाटीच्या मावशीकडून तपासून घ्या. आजी तुमच्या संवादांना हसली तर ते विनोदासाठी नव्हे, व्याकरणासाठी हसली, हे समजून घ्या आणि दुरुस्त्या मुकाट्याने उतरवा.

५. भेट घडवा. ही पायरी दोनदा वाचा.

पौर्णिमेच्या मध्यरात्री, चांदण्यात, पाणकोटात भेट: असं नवखा लेखक डोळे मिटून लिहितो आणि नायकाला बुडवतो. किनाऱ्यावरचा साधा हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणा, येईल तो भरतीचा ताशी आकडा. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. रात्री अकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पौर्णिमेची म्हणजे उधाणाची. पाणकोटाभोवती कारकुनाच्या डोक्यावरून पाणी. चांदणं सुंदर असेल. ते पाहायला तो नसेल.

अष्टमी घ्या. आठ गुणिले पाऊण, सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. आता शुद्ध अष्टमी घेतलीत तर चंद्र मध्यरात्री मावळतो. अंधारात नायक भलत्याच माणसाला फूल देईल. (हे प्रकरण सतरासाठी राखून ठेवा.) वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो, ओहोटीही तेव्हाच. पंचांगाने तुमच्यासाठी आखून ठेवलेली रात्र.

फक्त एक मेख आहे. अष्टमीला भांग असते. पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही. गुडघाभर पाणी आणि खाली खाडीचा गाळ. नायक एका हातात जोडे, दुसऱ्या हातात गजरा, धोतर वर खोचलेलं, दर चार पावलांना एक पाय गाळात, आणि तो काढताना होणारा तो विशिष्ट आवाज. तटावरून नायिका म्हणते, "उजवीकडनं या, तिकडं खोल हाय." हा उजवीकडे वळतो, तिची उजवी आणि याची उजवी वेगळी. गजरा वाचतो, जोडा जातो. तो जोडा सकाळी पहारेकऱ्याला सापडतो आणि शत्रूचा हेर आल्याची बोंब उठते. पुढची साठ पानं छावणीत एकाच पायात जोडा असलेला माणूस शोधला जातो. यात तुम्ही काही रचलं नाही; सगळं चंद्राने केलं.

परतीची वेळही लिहून ठेवा. दोन वाजेपर्यंत निघाला नाही तर सकाळची भरती उतरेपर्यंत अडकला. लोकल चुकलेल्या माणसाचा चेहरा आठवा आणि तसंच वर्णन करा.

६. जेवायला वाढा.

चहा नाही. बटाटेवडा नाही. टोमॅटोचं सार नाही. डहाणू-घोलवडचे चिकू नाहीत. त्या बागा खूप पुढच्या. मिरची चालेल, ती पोर्तुगिजांमुळेच आली. काजू आणि पपईही त्यांचीच देणगी. केळी, नारळ, ताडी, सुकी मासळी आणि केळवे-माहीमच्या विड्याच्या पानांवर तुमच्या पात्रांनी समाधान मानावं. चहाशिवाय दोन मराठी माणसांना समोरासमोर बसवून बोलतं करणं किती कठीण आहे, हे तिसऱ्या प्रकरणात कळेल. मला तुमची मनापासून कीव येते.

७. उपकथानक जोडा.

यासाठी जव्हारला जा. लोककथा अशी की जयबा मुकणे यांनी बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी भलाथोरला मुलूख वेढून घेतला. कार्थेजच्या राणी डिडोबद्दलही हीच गोष्ट सांगतात. नायिकेचे वडील या पद्धतीने एक बिघा जमीन विकत घेतात आणि नंतर मोजणीत ती कमी भरते. बोईसरला फ्लॅट घेतलेल्या प्रत्येक वाचकाला कार्पेट आणि सुपर बिल्टअप यांतला फरक पाठ आहे. हे प्रकरण तो मोठ्याने वाचून दाखवेल, बहुधा बिल्डरला.

दुसरं हवं असेल तर घंटा घ्या. पोर्तुगीज चर्चांतल्या घंटा पुढे घाटावरच्या देवळांत गेल्या. मेणवलीला आणि भीमाशंकरला आजही दाखवतात. ते ओझं घाट चढवणाऱ्या माणसांची लग्नं झाली होती का, घरी गेल्यावर बायको काय म्हणाली, याबद्दल बखरी गप्प आहेत. ती जागा तुमची.

८. शृंगार.

समई मंदावली. एवढंच. वाचनालयाच्या कार्डावर सासूबाईंचं नाव असतं.

९. शब्दबंबाळ व्हा, पण मोजून.

दर पानावर एक 'हुजूर' आणि एक 'जशी आज्ञा' बस्स. शेले, सरपेच, जिरेटोप सगळे एकाच परिच्छेदात घालू नका. कारकुनाकडे दोन सदरे होते.

१०. लिहायला वेळ काढा.

डहाणूहून चर्चगेटला थेट लोकल २०१३ मध्ये सुरू झाली ती मुख्यतः साहित्यासाठीच, असं माझं मत आहे. विरारपर्यंत बसायला मिळालं तर एक प्रसंग होतो. विरारनंतर पेन चालवायला कोपर हलवावं लागतं. तिथून पुढे फक्त वेढ्याचीच वर्णनं सुचतात.

११. भावना तपासा.

छापण्याआधी हस्तलिखित इतिहासाच्या शिक्षकाला, गावच्या जाणत्याला आणि एका वकिलाला दाखवा. शिक्षक म्हणतील, विनोद बरा आहे, इतिहास कुठे आहे? जाणते म्हणतील, इतिहास बरा आहे, पण आमच्या आळीचा उल्लेख नाही. वकील फी सांगतील. तिघांचं ऐकून दुरुस्त्या केल्यात तर हातात गुडघाभर पाणी आणि एक जोडा उरेल. म्हणून ऐकून घ्या, चहा पाजा, आणि दुरुस्त्या करू नका.

खरं सांगायचं तर हे कोडं आपल्या वगाने केव्हाच सोडवलं होतं. वसंत सबनीसांच्या १९६५ च्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये राजा आहे, कोतवाल आहे, मैनावती आहे आणि दादा कोंडक्यांचा हवालदार आहे. राजा मूर्ख आहे, राज्य अंदाधुंदीचं आहे, प्रेम उघड आहे, आणि साऱ्या महाराष्ट्राने ते हसून डोक्यावर घेतलं. त्या राजाचा वंशज म्हणून कोणी पुढे आलं नाही. कादंबरीकारांनी हे पाहिलं, टाळ्या वाजवल्या, आणि घरी जाऊन पुन्हा सातशे पानांचं रडू लिहायला बसले. इतिहासावरचं प्रेम म्हणजे त्याच्यापुढे कायम उभं राहणं, हा समज त्यांनीच पक्का केला. तुम्ही बसा. हवं तर गाळात बसा.

पहिली आवृत्ती खपली तर दुसऱ्या भागाला अशेरीगड, काळदुर्ग, आसावा, तांदुळवाडी पडूनच आहेत. तिथे भरतीची भानगड नाही, पण डोंगर चढायचा आहे. मे महिन्यात जाऊ नका आणि पाणी बरोबर न्या.