शंकेचा फायदा

१९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जन्मलेल्या पिकलबॉलमध्ये अवघड आहे तो एकच नियम. जाळीपुढचा व्हॉलीबंदीचा ७ फुटांचा पट्टा पाय शिकतात. पण आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये फट स्पष्ट दिसली तरच ‘आउट’, शंका आली तर आत. कार्बन फायबरची महागडी पॅडल घेऊनही हे जमत नाही. कुणी म्हणेल, हौशी खेळात इतकं काय मनावर घ्यायचं? मान्य, मग एका गुणासाठी घसा तरी का बसवायचा? ११ गुणांच्या डावात १०-१० झाले, की घामेजल्या चष्म्यातूनही ती फट लख्ख दिसते.