वीस बाइटचा बॅकअप

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहून यंत्रांच्या नावानं बोटं मोडणं ही इथली जुनी परंपरा आहे. गावाला ज्याचं नाव आहे त्या थॉमस एडिसननंच 1878 साली, इथल्या मेन्लो पार्कात असताना, एका पत्रात ‘बग’ची तक्रार केलेली आहे: कल्पना झटकन सुचते, मग बग डोकं वर काढतात आणि महिनेच्या महिने खातात. पण त्याचा दिवा पेटला नाही की पेटला नाही. अंधारात बसलेल्या एडिसनला ‘उजेड यशस्वी’ असा ईमेल कधी आला नाही.

आम्हाला रोज यायचा. आमच्या ऑफिसात एक बॅश स्क्रिप्ट आहे. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला. वरती ‘तात्पुरती’ अशी कॉमेंट आहे, म्हणजे ती कायमची. रात्री डेटाबेसचा डंप घ्यायचा, जिझिपनं दाबून ठेवायचा आणि ‘बॅकअप यशस्वी’ असं कळवायचं. एकदा कुणाला तरी जुना डेटा हवा होता म्हणून फाइल पाहिली. वीस बाइट. आदल्या रात्रीची? वीस बाइट. तिच्या आधीची? तीही तेवढीच.

इथे रात्रीचे दोन, पुण्यात दुपार. तिथला सहकारी म्हणाला, “अरे, मेल आलाय की!”

“फाइल केवढी आहे?”

“थांब हं... वीस बाइट. पण मेल आलाय ना!”

झालं होतं एवढंच, की डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. डंप घेणारी कमांड दारातूनच परत येत होती. ती बोंबलतही होती, पण तिची बोंब ‘डेव्ह नल’ नावाच्या कचरापेटीत सोडायची सोय त्याच स्क्रिप्टमध्ये होती. जिझिपच्या हाती काहीच आलं नाही, आणि ते ‘काहीच नाही’ त्यानं इमानदारीत दाबलं. शून्य बाइट दाबले की वीस होतात, नुसतं वेष्टण. आणि अशा एकीला एक जोडलेल्या कमांडच्या पाइपलाइनमध्ये शेवटच्या कमांडचाच निकाल बॅश धरते. लग्नात आचारी फिरकलाच नाही, पण विडे देणारा हजर होता, तेव्हा पंगत उत्तम झाली!

निकालाची तऱ्हाही पाहा: शून्य म्हणजे पास, 1 ते 255 म्हणजे नापास. दहावीला ही पद्धत असती तर आमच्या आळीतली निम्मी पोरं बोर्डात आली असती.

जावास्क्रिप्टही त्याच वळणाची. ब्रेंडन आइकनं 1995 साली ती दहा दिवसांत उभी केली. अवतरणातल्या ‘5’मध्ये 3 मिळवा, 53 येतात; वजा करा, 2 येतात. हूं की चूं नाही. त्यापेक्षा पायथन बरा. एक स्पेस चुकली तरी चारचौघांत अंगावर येतो, पण निदान तोंडावर बोलतो.

शेवटच्याच कमांडचा निकाल धरायच्या खोडीवर बॅशला 2004 साली ‘सेट -ओ पाइपफेल’ हा उतारा मिळाला, पण तो मुळात बंदच असतो, आपण लावावा लागतो. तेव्हा तुम्हाला रोज ‘यशस्वी’ असा मेल येत असेल, तर आज झोपण्याआधी त्या फाइलचा आकार तेवढा बघून घ्या.