रिकामा काटा

पेट्रोलचा काटा बंद पडलेल्या मारुती ८००चा मालक गोव्यातल्या तुये गावात लांबूनही ओळखता येतो. डॅशबोर्डकडे तो बघत नाही. गाडीत बसण्यापूर्वी मागचा बंपर दोन्ही हातांनी हलवतो, टाकीकडे कान लावतो आणि ‘आसा मरे अडीच लिटर’ असे जाहीर करतो. १९८३ साली बाजारात आलेल्या या गाडीत पेट्रोल दाखवण्याची सोय कंपनीने केलेली आहे, हे त्याला मान्य असते. मात्र तो तिच्यावर अवलंबून नसतो.

सोय तशी साधी. टाकीतला फ्लोट पेट्रोलबरोबर वरखाली होतो, त्याच्या दांडीने सेंडरमधला विद्युतरोध बदलतो आणि त्या बेताने काटा सरकतो. बिघडण्याच्या जागाही मोजक्याच: फ्यूज, वायर, अर्थिंग, सेंडर, नाहीतर खुद्द मीटर. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत अर्थिंगचा जोड लवकर गंजतो, म्हणून तो आधी घासून बघतात. मालकाला हे सगळे पाठ असते. पेडण्यातल्या कुठल्याही मेस्तापेक्षा तो ते नीट समजावतो, तेही कोणी न विचारता.

निदानाला रविवार लागतो आणि शेजारी लागतात. सेंडरची वायर सोडवून, चावी फिरवून, ती क्षणभर बॉडीला टेकवायची. मारुतीत काटा ‘फुल’कडे चढला तर मीटर आणि वायर निर्दोष, गुन्हेगार टाकीत. चढला नाही तर वायर किंवा मीटर तपासायचे. (काही अमेरिकन गाड्यांत याच परीक्षेत काटा उलट रिकाम्याकडे जातो, हेही शेजाऱ्यांना ऐकावे लागते.) ठिणगीची भीती असल्याने टाकी बंद ठेवून हे करायचे असते. मालक त्यासाठी विडीसुद्धा विझवतो.

काटा चढतो. मग सेंडर बाहेर येतो, फ्लोट कानाशी हलवला जातो आणि आत पेट्रोल खुळखुळते. फ्लोटला चीर गेलेली, तो बुडालेला, म्हणून काटा कायम शून्यावर. निदान अचूक असते. मालक फ्लोट फडक्याने पुसतो आणि तोच परत बसवतो.

शेजाऱ्यांना यात आळस दिसतो, पण खरे कारण सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या मेव्हण्यात आहे. २०१२ साली गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला, दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला आणि सिंधुदुर्गातल्या गाड्या पत्रादेवीची सीमा ओलांडून टाक्या भरू लागल्या. तेव्हापासून गोव्यातले पेट्रोल स्वस्तच, ही मेव्हण्याची पक्की समजूत. चतुर्थीला आला की तो गाडी मागतो, शून्यावरचा काटा बघून दचकतो आणि पहिल्याच पंपावर पाचशेचे भरतो. शिवोलीला जाऊन परत येतो. उरलेले किती, हे त्याला कळायला मार्ग नसतो. बंपर हलवून ऐकण्याची विद्या मालकाने त्याला शिकवलेली नाही.