ओळखलंत का? : एका सोहळा समितीस अनावृत पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, खजिनदार आणि सर्व ॲडमिन,
'माईआत्या ८१' सोहळा समिती (घरगुती), पुणे.

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी माईआत्याचं सहस्रचंद्रदर्शन आपण थाटात उरकलंत. ग्रुपवर आभारांचा, हात जोडल्याच्या चित्रांचा आणि हलत्या गुलाबांचा असा काही पूर आला आहे की त्यात माझे चार शब्द वाहून जायचे. म्हणून हे पत्र वेगळं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

आधी मुहूर्त. एका पौर्णिमेपासून दुसरी पौर्णिमा सुमारे साडेएकोणतीस दिवसांनी येते. या हिशेबानं हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि वर दहा महिने लागतात. लोक ८० वर्षं ८ महिने धरतात, तिथंच दोनेक चंद्र कमी भरतात. आपण तर न्यू जर्सीच्या चिरंजीवांची रजा आणि कार्यालयाची रिकामी तारीख जुळवायला कार्य आणखी तीन महिने अलीकडे ओढलंत. म्हणजे पाचेक चंद्र उधारीवर. गुरुजींना मी हे सांगून पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि 'चालतं' म्हणाले. त्यांना दीड वाजता पिंपरीत वास्तुशांत होती.

पण हा हजाराचा आकडा मुळात कोणी तपासलाय? आषाढ, श्रावण, भाद्रपद या महिन्यांत पुण्याच्या आभाळात पौर्णिमेचा चंद्र असला तरी ढगांच्या आडच असायचा. कोजागरीला गच्चीवर आपण सगळे आणि दूध आटवायला माईआत्या खाली. तिनं नेमानं पाहिलेला चंद्र वेगळाच आहे. तो संकष्टीचा. रात्री नऊच्या आगेमागे उगवणारा, कडेनं झिजलेला, आणि समोरची चार मजली इमारत झाल्यापासून आणखी अर्धा तास उशिरा येणारा. उकडीचे मोदक झाकून ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन मान वाकडी करायची. त्या चंद्रांचा हिशेब धरलात तर तिचं चंद्रदर्शन झालंच आहे, आणि तेही उपाशीपोटी. पत्रिकेवर मात्र आपण पौर्णिमेचा गरगरीत चंद्र छापलात, कारण तो इंटरनेटवर फुकट मिळतो.

आता 'जीवनपट'. मागे बासरी लावून आपण पडद्यावर जी चित्रफीत दाखवलीत ती पाहून मलाही गहिवरून आलं असतं, फक्त ती माईआत्याची असती तर. 'पानशेतच्या प्रलयाला धीरोदात्तपणे तोंड देणाऱ्या माई' असं निवेदक घोगऱ्या आवाजात म्हणाला. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. माईआत्या तेव्हा मिरजेत होती, शाळेत होती, आणि पुण्यात ती लग्न होऊन आली १९६६ साली. ती पहिल्या रांगेतून स्पष्ट म्हणाली, "अरे, मी पूर पाह्यलाय तो कृष्णेचा." पण तिच्यापुढे माइक नव्हता.

त्यानंतरची पाटी : 'एक आदर्श गृहिणी'. मंडळी, ही बाई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एसटीडी घरोघरी यायच्या आधी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे प्रकार, आणि पैसे त्याप्रमाणे चढते. नोकरीचे निरोप, बाळंतपणं, मयती, सगळं तिच्या कानातल्या हेडफोनमधून पुढे जायचं. समितीच्या अर्ध्याअधिक सदस्यांच्या जन्माची बातमी कुटुंबात पहिल्यांदा तिला कळली असणार. पलीकडच्या माणसानं 'हॅलो' म्हटलं की तो कुठला, घाईत आहे की घाबरलाय, हे तिला कळे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही नजर बेताचीच आहे, पण आवाजावरून ती आजही माणूस चुकत नाही.

आणि अशा माणसाला आपण कर्ण्याखाली बसवलंत! अगदी स्पीकरच्या बुंध्याशी. सनई संपली की भावगीत, भावगीत संपलं की निवेदक. तिच्याजवळ काम करणारं जे एकच इंद्रिय होतं ते आपण सकाळी साडेनऊलाच निकामी केलंत, आणि मग तिची तोंडी परीक्षा घ्यायला माणसांची रांग लावलीत.

या परीक्षेबद्दल मला जरा सविस्तर लिहिलं पाहिजे. नमस्काराला वाकलेला प्रत्येक जण तोंड तिच्या तोंडाजवळ नेऊन विचारत होता, "ओळखलं का?" काही जण अधिक कसलेले होते, ते म्हणत, "सांगा बरं मी कोण?" आणि बाजूच्यांना डोळ्यांनी दटावत, सांगायचं नाही म्हणून. वीस वर्षांत उंबरा न ओलांडलेल्या माणसानं, केस गेल्यावर, दाढी राखल्यावर, चष्मा बदलल्यावर येऊन विचारायचा हा प्रश्न आहे का? बरं, उत्तर आलं नाही की लगेच मागे वळून हळू आवाजात निदान : "विसरायला लागलीय हं आता." ठाण्याच्या जावयांना ती म्हणाली, "आपण जावई. कुणाचे, ते बायको दिसली की सांगते." नागपूरच्या पुतण्याला म्हणाली, "पोट नवीन दिसतंय. बाकी तूच." एक सुटाबुटातला तरुण भक्तिभावानं वाकला, पाकीट दिलं, फोटो काढून घेतला. तो शेजारच्या हॉलमधल्या साखरपुड्याचा पाहुणा होता. हे आपल्यापैकी कोणालाही कळलं नाही, अध्यक्षांनी तर त्याला 'बाबा कसे आहेत' असंही विचारलं. माईआत्या मला म्हणाली, "हा आपला नव्हे. पण वाकला बिचारा, जेवून जाऊ दे."

दिवसभरात तिला जो एकमेव प्रश्न विचारला गेला तो हा, आणि तोही विचारणाऱ्याबद्दलच होता.

भाषणांचंही तेच. 'माईंविषयी दोन शब्द' सांगायला जो उठला त्यानं स्वतःविषयी दोनशे सांगितले. मी शिकायला होतो तेव्हा सदाशिव पेठेतल्या माईंच्या दोन खोल्यांत राहायचो, मी पहिला आलो, मला कंपनीनं जर्मनीला पाठवलं, मी फ्लॅट घेतला. माई या कथेत एकदाच येत होती, पोळ्या करताना. तिची संध्याकाळची पाळी असायची तेव्हा त्या पोळ्या कोण करायचं, हे एकाही वक्त्याला आठवलं नाही. (काका करायचे. जाड व्हायच्या.)

औक्षणाच्या एक्क्याऐंशी दिव्यांसाठी आपण एसी बंद केलात, हे योग्यच. तो पुन्हा लावायचं विसरलात, त्याची वाच्यता मी करत नाही. मे महिन्यात तिच्या अंगावर ज्या शाली चढल्या त्यांचीही नाही.

ग्रंथतुला मात्र विसरता येत नाही. भाड्यानं आणलेल्या, झेंडूनं मढवलेल्या तराजूत तिला बसवलंत. पाय लोंबकळताहेत, पारडं हलतंय आणि फोटोग्राफर म्हणतोय, 'माई, जरा हसा.' दुसऱ्या पारड्यात कुटुंबीयांनी प्रेमानं आणलेले ग्रंथ : स्पर्धा परीक्षांची जुनी गाइडं, वजन घटवण्याचे उपाय, शेअर बाजारातली कमाई, बाद झालेल्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं. एवढं करून माईआत्याचे ३९ किलो भरेनात, तेव्हा खजिनदारांनी उरलेल्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा ठेवून काटा जुळवला. पुस्तकं एका वाचनालयाला जाहीर झाली होती. वाचनालयानं ती पाहून नम्रपणे परत पाठवली.

जेवण उत्तम होतं. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, शिवाय पास्त्याचं वेगळं टेबल. जिलबी तर कढईतून थेट ताटात. माईआत्यानं एक मागितली. लगेच चारही बाजूंनी साखर, साखर असा गजर झाला आणि घरातल्या डॉक्टरांनी ताट दूर सरकवलं. त्यांच्या स्वतःच्या हातात तेव्हा तिसरं वेटोळं होतं. तिला साडेतीन वाजता मऊ भात मिळाला. चार वाजता निवेदकाला आठवलं की उत्सवमूर्तींनीही दोन शब्द बोलावेत. माइक तिच्या हातात आला तेव्हा पोरं खुर्च्या एकात एक घालत होती आणि कार्यालयाचे मॅनेजर किल्ल्या वाजवत दारात उभे होते. ती म्हणाली, "हॅलो, ऐकू येतंय का?" तेवढ्यात साऊंडवाल्यानं वायर काढली.

आता आपली समिती बरखास्त होणार नाही हे मी ओळखून आहे. शास्त्रकारांनी तशी सोयच ठेवलेली नाही. साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री, आणि ऐंशीनंतर पंच्याऐंशीला रौद्री, नव्वदीला सौरी, शंभरीला महामृत्युंजय अशी ही पायऱ्यांची वाट आहे. तेव्हा रौद्री शांतीसाठी माझा अर्ज आत्ताच दाखल करून घ्यावा. स्पीकर नको. नमस्कार करणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव सांगावं, मग वाकावं. जीवनपट करायचाच तर तो तिला आधी दाखवावा, चुका ती फुकट काढून देईल. आणि भाषणं करणाऱ्यांच्या हातात माइकऐवजी लाटणं द्यावं.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
माईआत्याचा भाचा
(ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, खांबाआडचा अर्धा)

ता. क. माईआत्यानं समितीला निरोप दिलाय, तो तिच्याच शब्दांत : "तुमची ती तुलेची पुस्तकं माझ्या दाराशी पडलीयत. त्यातल्या दोन रहस्यकथा मी ठेवून घेतल्या. बाकीची ज्याची त्यानं शनिवारपर्यंत उचलावीत, नाहीतर रद्दीवाल्याला बोलावते. येताना पाव किलो जिलबी आणावी. डॉक्टरनं आणावी."