ट्रॉलीमागचे 120 घोडे

शोरूममध्ये पैसे भरले, आरटीओत एमएच 21 चा नंबर पडला, की गाडीचं पासिंग झालं असं सरकारला वाटतं. आमच्या कुंभार पिंपळगावात खरं पासिंग त्यानंतर होतं. त्याला कागद लागत नाहीत, बोनट उघडावं लागतं. हॉटेलासमोर गाडी उभी करायची, पेढ्यांचा पुडा सोडायचा आणि अंग चोरून बाजूला उभं राहायचं. माणसं पेढा तोंडात टाकून आधी इंजिनकडे बघतात, मग मालकाकडे. दोन्हीकडे बघताना चेहऱ्यावरची कीव सारखीच असते.

"एवढंच?" तात्या म्हणाले.

"एवढंच."

"सिलिंडर किती?"

"तीन."

"अन् चौथा?"

"ह्यात चौथा नसतोच, तात्या."

"पैशे चाराचे घेतले का तिनाचे?"

ह्या प्रश्नाला कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही. तिथे टर्बो, पीएस, न्यूटन मीटर, सगळं गुळगुळीत कागदावर छापलेलं असतं. पण ते छापणाऱ्या माणसाला तात्यांसमोर उभं करून बघायला हवं होतं. गाडीचं नाव मी इथे सांगत नाही. तिने माझं काही वाकडं केलेलं नाही आणि उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक हाच लेख घेऊन दारात उभं राहायचं.

खरं तर तात्यांच्या ट्रॅक्टरलाही तीनच सिलिंडर आहेत. त्याच्यावर त्यांचा पोटच्या पोरापेक्षा जास्त भरवसा आहे. पण ते तीन म्हणजे मिळून तीन-सव्वातीन हजार सीसी. माझे तीन मिळून बाराशेच्या आत. मी म्हटलं, "हॉर्सपॉवर मात्र 120 आहे. तुमच्या ट्रॅक्टरची पन्नासच्या आत." तात्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मग उद्या नांगराला आणा."

इथे मला थोडा हिशेब मांडावा लागला, आणि हॉटेलात हिशेब मांडणाऱ्याचा चहा नेहमी थंड होतो. पन्नासच्या आतबाहेरचा ट्रॅक्टर मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर आपली ताकद देतो. गणित केलं तर त्या वेळी त्याचा टॉर्क 170 न्यूटन मीटरच्या आसपास येतो. आता उदाहरणादाखल नेक्सॉन घ्या. तिच्या 1.2 लिटर टर्बो पेट्रोलचा टॉर्कही कागदावर 170 च आहे. म्हणजे पिळायचा जोर दोघांचा सारखा. फरक फेऱ्यांचा. ट्रॅक्टर दोन हजारांवर थांबतो, नेक्सॉन तोच जोर चार हजारांपर्यंत टिकवते आणि 5500 फेऱ्यांवर 120 पीएस दाखवते. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, बाकी काही नाही. आता कुंभार पिंपळगावच्या बाजारातून 5500 फेऱ्यांवर गाडी कोण नेणार? त्यामुळे ते 120 घोडे आमच्याकडे बहुतेक काळ दावणीलाच असतात. ट्रॅक्टरचे पन्नास मात्र रोज कामावर.

तरी एक गोष्ट कबूल करावी लागेल. मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची ती प्रीमियर पद्मिनी 1089 सीसीची होती आणि तिची ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. जवळपास तेवढ्याच भांड्यातून आज तिप्पट ताकद निघते. ह्यातला बराचसा वाटा कुठून येतो, तर वाया जाणाऱ्या धुरातून. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर वाटेत एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. लोहाराचा भाता जे भट्टीला करतो तेच हे, फक्त इथे भट्टीचा धूरच भाता ओढतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. हाच टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने ह्या कल्पनेचं पेटंट 1905 साली घेतलं. आमच्याकडे मात्र टर्बो म्हणजे डिझेल हे समीकरण इतकं पक्कं आहे की पेट्रोल पंपावरचा पोरगा बोनटकडे बघून दोनदा विचारतो, "सर, नक्की पेट्रोलच ना?"

बरं, इंजिन एवढं लहान का? मी आधी समजत होतो की इंजिनिअर लोकांनी पर्यावरणाचा विचार करून ठरवलं असेल. थोडा विचार केलाही असेल. पण मुख्य विचार अर्थ खात्याने केला. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असेल तर 1200 सीसीच्या आतल्या गाड्यांचा उत्पादन शुल्काचा दर 24 टक्क्यांवरून 16 वर आणला. पुढे जीएसटी आला तरी ती रेषा पुसली गेली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून त्या रेषेच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना 18 टक्के आहे, बाहेरच्यांना 40. म्हणून कंपन्यांनी गाडीची शेपूट छाटली, इंजिन 1200 च्या आत बसवलं आणि कमी पडणारा दम टर्बोने भरून काढला. कुठे 999 सीसी, कुठे 998, कुठे 1197, कुठे 1199. बाटाच्या चपलेच्या किमतीनंतर इतका काटेकोर आकडा मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता रस्ता. घनसावंगीकडून कुंभार पिंपळगावला येताना गाळपाच्या दिवसांत समोर उसाचा ट्रॅक्टर असतोच. एक नाही, दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबतोय, मागे लाल दिवा नाही, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा स्पीकर इतका मोठा की हॉर्न वाजवणं म्हणजे कोरसमध्ये सामील होणं. तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये मागे मागे चालला आहात, फेऱ्यांचा काटा 1400 वर. समोरचा रस्ता मोकळा दिसतो. तुम्ही पाय दाबता. काही होत नाही. पाय आणखी दाबता. तरी काही होत नाही. धूर पुरेसा नाही म्हणून चक्र फिरत नाही, चक्र फिरत नाही म्हणून हवा नाही. तेवढ्यात पहिल्या ट्रॉलीच्या बरोबरीला तुम्ही आलेले असता, उसाचं पातं काचेवरून खरवडत जातं, शेजारी बसलेली बायको देवाचं नाव घेते. काटा 1800 ओलांडतो आणि मग मात्र पाठीत कुणीतरी धक्का दिल्यासारखी गाडी सुटते. दुसरी ट्रॉली, ट्रॅक्टर, स्पीकर, सगळं मागे. जांब समर्थ इथून जवळच आहे. बलोपासना शिकवणाऱ्या समर्थांच्या जन्मगावच्या वाटेवर बळ येतं हे खरं, पण आमच्या गाडीत ते थोडं उशिरा येतं. उपाय सोपा आहे. आधी गिअर खाली घ्या, काटा दोन हजारांवर आणा, मग ओव्हरटेक करा. हे मला शोरूमवाल्याने सांगितलं नाही, उसाच्या ट्रॅक्टरवाल्या पोराने सांगितलं.

पासिंगमधला पुढचा प्रश्न अर्थात, "ॲव्हरेज काय देते?" हा प्रश्न आमच्याकडे जावयालाही विचारला जातो, फक्त शब्द वेगळे असतात. कागदावरचा आकडा देणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे. तिथे गाडी रोलरवर चालवून मोजतात. रोलरवर खड्डा नाही, ट्रॉली नाही, एसी नाही, लग्नाला निघालेली सहा माणसं नाहीत. टर्बो पेट्रोलचा स्वभावच असा की हलक्या पायाला ते लहान इंजिन असतं आणि जड पायाला मोठं. पेट्रोलही त्याच हिशेबाने पितं. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतंच. उलट त्याचा ऑक्टेन जास्त, म्हणजे दाबाखाली नको त्या वेळी भडका उडायची भीती कमी, आणि हे टर्बोला मानवतं. ॲव्हरेजवरून तात्या फारच बोलायला लागले तेव्हा मी त्यांना आठवण करून दिली की तुमच्या उसाचा गोडवा आता माझ्या टाकीत येतो. त्यावर ते म्हणाले, "मग बिल कारखान्याला पाठवा, मला कशाला सांगू राह्यले?"

राहता राहिला खरा प्रश्न: टिकेल का? ह्यावर गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, टर्बो म्हणजे नाजूक, पन्नास हजार किलोमीटरवर बोंबलणार. दुसरा पक्ष आमच्या मिस्त्रीचा, आणि त्याने मला प्रत्यक्ष दाखवलं. गॅरेजात दुसऱ्या कुणाची तरी गाडी होती. त्याने हवेचा रबरी पाइप उपसला, आत तर्जनी घातली आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरली. बोट काळ्या ऑइलने माखलेलं. मग टर्बोच्या चक्राची मधली दांडी चिमटीत धरून हलवली. ती चक्क डुगडुगली. "ही हलली नाय पाहिजे सर. जरा जरा चालतं. पण ही तर नाचू राह्यली."

ती दांडी मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेते. तिच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या पुढचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मध्ये तिला तोलून धरणारा असतो फक्त ऑइलचा पातळ थर. ऑइल जुनं झालं, कमी पडलं किंवा चुकीच्या ग्रेडचं घातलं की तो थर तुटतो आणि दांडी धातूवर घासते. ज्यांची ती गाडी होती त्यांनी ऑइलचे पैसे वाचवले होते. कॅनमधून सुटं मिळणारं, ट्रॅक्टरला चालतं तेच ऑइल घातलं होतं. ट्रॅक्टरला चालतं हे आमच्या भागातलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र आहे, पण दोन लाख फेऱ्यांचा ट्रॅक्टर अजून निघालेला नाही.

इंजिनचीही चूक असते, नाही असं नाही. फोर्डच्या एक लिटर इकोबूस्टला 2012 पासून सलग तीन वर्षं इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर हा किताब मिळाला. आपल्याकडे ते 2013 मध्ये इकोस्पोर्टमधून आलं. त्याचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून चालणारा. पुढे परदेशात त्या बेल्टचं रबर झिजून ऑइलच्या जाळीत अडकायला लागलं आणि इंजिनं बसली. किताब देणाऱ्यांनी इंजिन नवं असताना पाहिलं होतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचंही एक दुखणं आहे. पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि मागच्या बाजूला काजळी साचते. वर्षभर गावातल्या गावात, दूध आणि किराणा एवढ्यावरच गाडी चालवली तर ती लवकर साचते. अशा गाडीला अधूनमधून लांब पळवावं. बायकोला मी माहेरची वाट त्यासाठीच सुचवतो, ती मात्र हे कारण मान्य करत नाही.

आणखी एक पथ्य, अर्ध्या मिनिटाचं. समृद्धी महामार्गावरून 120 ने आलात आणि थांबल्याबरोबर किल्ली फिरवली, तर ऑइलचा पंप बंद पडतो, तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागच्या जागी करपतं. म्हणून जोरात आल्यावर इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं. गावातून हळू आलात तर त्याची गरज नाही, पण माझी सवय अशी पडली आहे की घरासमोर गाडी उभी, इंजिन सुरू आणि मी आत शांत बसलेलो. शेजारच्या काकूंनी एकदा बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "सरांना घरात यायला भीती वाटती का गं?"

माझं मत विचाराल तर इंजिन चांगलं आहे. फक्त ते डिझेल बोलेरोसारखं दुर्लक्ष सोसत नाही. नवी घेणार असाल तर माहितीपत्रकातल्या पीएसपेक्षा मॅन्युअलमधला ऑइलचा ग्रेड आधी वाचा. सेकंडहँड घेणार असाल तर मालकाकडे ऑइल बदलल्याची सगळी बिलं मागा, तारीख आणि किलोमीटरसकट. बिलं नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, घेऊ नका. नव्या टर्बोचा खर्च घासाघिशीत वसूल होत नाही.