चार आण्याची गाडी, बारा आण्याचा सायलेन्सर

ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी म्हणे वीस वर्षांची गाडी खाली बसवली! खाली बसवली म्हणजे पंक्चर नव्हे हो. चांगल्या वीतभर उंचीवर चालणाऱ्या गाडीच्या चारही स्प्रिंगा काढून, पैसे मोजून, आखूड स्प्रिंगा घातल्या आणि गाडी चार बोटांवर आणून ठेवली. आणि हे कुठं? पुण्यात! जिथला गतिरोधक पाहून ट्रॅक्टरसुद्धा क्षणभर विचारात पडतो, त्या शहरात! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आता ते माप आपल्या गल्लीतल्या गतिरोधकाला कोणी सांगितलंय का? काका मात्र रोज संध्याकाळी तो तिरके होऊन ओलांडतात. मागे रिक्षांची रांग, आणि काकू शेजारच्या सीटवर डोळे मिटून.

काय म्हणावं या लोकांना? एके काळी गाडी जुनी झाली की माणूस ती विकायचा आणि पेढे वाटायचा. आता गाडी जुनी झाली की माणसाला प्रेमाचं भरतं येतं. मग एक दिवस तो गंभीर चेहऱ्यानं विचारतो, ‘काय वाटतं? मॉडिफाय करावी की स्टॉक ठेवावी?’ झालं! या एका प्रश्नावर घरात, ऑफिसात, गॅरेजात आणि बारशाच्या पंगतीतही असा खल चालतो, की पोरीचं स्थळ बघताना झाला नसेल.

आणि ज्या गाडीसाठी हा खल, ती करते काय? रविवारी पहाटे सहाला जुन्या मुंबई-पुणे हायवेनं लोणावळा. तिथं मिसळ. साडेनऊला परत, कारण भाजी आणायचीय. फार तर पावसाळ्यात ताम्हिणी, दिवाळीत पसरणीचा घाट. वेग साठ, खिडकी उघडी, कोपर बाहेर. यासाठी रेसचं सस्पेन्शन? यासाठी ट्रॅकवरचे ब्रेक? मिसळ पळून चाललीय का?

बरं, ‘स्पोर्ट्‌स कार’ म्हणून जे मिरवतात तेही बघा. खरी दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्‌स कार म्हणजे गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनोचं १.२ लिटर इंजिन आणि अवघी साठ अश्वशक्ती. नाव वादळ, ताकद झुळकीची. पण आज ती रस्त्यात दिसली तर आपण फेरारी सोडून तिच्याकडे मान वळवू. खोटं बोलू नका, वळवूच. बाकीच्यांनी घरगुती गाड्यांनाच स्पोर्ट्‌सचा पदर लावलाय. २००० साली आलेली होंडा सिटी व्हीटेक घ्या. १.५ लिटर, १०६ अश्वशक्ती. सुई पाच हजारांच्या पुढे गेली की इंजिनाचा सूर बदलतो आणि चालवणाऱ्याचा चेहराही. २००३ मध्ये कंपनीनं नवी सिटी आणली ती ७७ अश्वशक्तीची. शौकिनांनी जे तोंड फिरवलं ते अजून सरळ केलेलं नाही. मग फियाटची पॅलिओ १.६. शंभर अश्वशक्ती, शिवाय सचिनच्या नावाची ‘एस१०’ आवृत्ती. ही जन्मली मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात. आज तिचा आरसा, कब्जा, दिवा शोधायला मालक जातो कुठं? कुर्ल्याच्याच जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात! जन्मही तिथं, दवाखानाही तिथं.

आणि कॉन्टेसा! १९८४ सालची ती मारे लांबलचक गाडी, मूळची इंग्लंडच्या व्हॉक्सॉलची. सुरुवातीला तिच्या त्या भव्य बॉनेटखाली होतं काय, तर अँबॅसेडरचंच १.५ लिटर इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं. चढावर तिला मागून धक्का द्यावासा वाटायचा. पुढे इसुझुचं १.८ लिटर इंजिन आलं तेव्हा कुठं ती माणसात आली. सिनेमातल्या खलनायकांनी तिच्यातून उतरून उतरून तिला मोठं केलं आणि २००२ मध्ये ती बंद पडली. कोणी हळहळलं का तेव्हा? छे! तेव्हा ती पेट्रोल पिते म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली. आज तीच माणसं शेवटच्या साली हुकलेली कॉन्टेसा आठवून उसासे टाकतात.

तर या गाड्यांवरून गावात उभे दोन तट पडलेत. पहिला स्टॉकवाल्यांचा. यांच्या लेखी कारखान्यातून आलेला स्क्रूसुद्धा पवित्र. सीटवरचं प्लॅस्टिक अजून शाबूत, बूटमधला जॅक कधी वापरलेला नाही, आणि मडगार्डवर ओरखडा आला की घरात सुतक. गाडी विकत घेताना यांना ती ‘डॉक्टरांची’च हवी असते. एवढे डॉक्टर या राज्यात आहेत तरी का, हा प्रश्न यांना पडत नाही. दुसरा तट मॉडवाल्यांचा. यांच्या लेखी कंपनीचे इंजिनिअर म्हणजे अर्धवट माणसं. त्यांनी वर्षानुवर्षं खपून बनवलेली गाडी हे दोन शनिवारांत ‘सुधारतात’. एक तट दुसऱ्याला भंगारवाला म्हणतो, दुसरा पहिल्याला वस्तुसंग्रहालयाचा पहारेकरी. आणि लोणावळ्याला एकाच टेबलावर बसून दोघंही एकमेकांच्या पावाला हात घालतात.

सुधारणा तरी कसल्या एकेक! आधी सायलेन्सर. फ्री-फ्लो एक्झॉस्ट नावाचा तांब्या मागे लावतात. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाला त्यानं दोन-चार घोडे मिळाले तर मिळाले, पण आवाज असा, की गाडी कोपऱ्यावर असतानाच चौथ्या मजल्यावरचं बाळ उठतं. मग कोन फिल्टर. चकचकीत, लाल, बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवायचा. तो बापडा बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, तिच्यात प्राणवायू कमी, म्हणजे ताकदही कमीच. पैसे देऊन घोडे घटवले! पण सूं-सूं असा आवाज येतो ना, मग आणखी काय हवं? त्यानंतर अलॉय. १३ इंची चाकं काढून १७ इंची घातली की नाकापेक्षा मोती जड. चाक वजनदार, टायरचं रबर पापुद्र्याएवढं, आणि खड्ड्याचा हिशेब थेट मणक्याशी. तरी माणूस खाली उतरून दहा पावलं मागे जातो, मान कलती करतो आणि म्हणतो, ‘स्टान्स बघा!’ बघितला. आता ऑर्थोपेडिकही बघा.

आणि जे खरोखर हाताबाहेर गेलेत, ते इंजिनच बदलतात. मारुती ८०० मध्ये एस्टीमचं १.३ लिटर इंजिन! दिसायला शाळेच्या बाईंची गाडी, सिग्नल सुटला की तोफेचा गोळा. थांबायचं कसं, हे विचारायचं नसतं. कोल्हापूर-सांगलीकडे तर विषयच हार्ड. तिकडे गाडी घरी आली की आधी गॅरेजात जाते, मग अंबाबाईला. घरातली आजीसुद्धा विचारते, ‘किती पिकअप आलं रं बाळा?’

कुणी म्हणेल, हे पोरासोरांचे चाळे. पोरांकडे पैसे कुठायत? बाटलेले बघाल तर एकजात सभ्य, कर भरणारी, डोक्याला तेल लावणारी माणसं. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी सायलेन्सरच्या आवाजाविरुद्ध तीन पानी नोटीस काढली होती, ‘सभासदांनी याची गंभीर नोंद घ्यावी’ वगैरे. पुढच्या महिन्यात त्यांच्याच पार्किंगमध्ये झाकण घातलेली एस्टीम उभी! आवाज? ‘छे हो, हा स्पोर्टी नाही, हा भारदस्त आहे.’ एक सीए आहेत. लोकांना खर्च कमी करा म्हणून सांगतात आणि स्वतः जपानहून बंपर मागवतात; घरी सांगतात क्लायंटचं पार्सल आहे. आणि ते गुरुजी! वाहनपूजेला गेले, लिंबू चाकाखाली ठेवायला वाकले, खालचं सस्पेन्शन पाहिलं आणि मंत्र विसरले. आता त्यांचीही पॅलिओ आहे. मुहूर्त सांगताना ‘पावणेसहाला निघतो, घाट मोकळा असतो’ असं तोंडून निसटतं.

सरकार काय करतंय? सरकार बघतंय, आणि चांगलंच बघतंय. कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षा ठरली: बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. बदलामागे बरं का, गाडीमागे नव्हे! त्यामुळे हल्ली नाक्यावर पोलीस दिसला की मॉडवाले मनातल्या मनात पाचाचा पाढा म्हणतात. आणि पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला, की आपण सगळे तो व्हिडिओ तीनतीनदा बघतो. ‘बरं झालं, माजले होते!’ म्हणतो. आणि मग हळूच थांबवून त्यातला तिसरा सायलेन्सर कुठल्या मेकचा ते मोठं करून पाहतो.

साधेपणानं ठेवलेल्या गाडीलाही सुख नाही म्हणा. पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स. २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये. व्हिंटेजच्या मानाच्या पंगतीत बसायचं म्हटलं, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी ५० वर्षांच्या वरची आणि मूळ रूपातली हवी. म्हणजे २००१ च्या पॅलिओला मान मिळणार २०५१ नंतर. काका तोवर नव्वदीच्या घरात असतील, पण ते म्हणतात, ‘बघू की, बॉडी चांगली आहे.’ कोणाची, ते सांगत नाहीत.

पण खरी गंमत पुढेच आहे. वारं फिरलंय! परवापर्यंत मॉडिफाय केलेल्या गाडीला भाव होता, आता गिऱ्हाईक विचारतं, ‘ओरिजिनल आहे का?’ झाली पळापळ! ज्यांनी चार वर्षांपूर्वी कंपनीचा सायलेन्सर किलोच्या भावानं भंगारात दिला, तेच आता जुन्या बाजारात त्याच सायलेन्सरला हुडकत फिरतायत. भंगारवालाही काही दुधखुळा नाही. समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून तो भाव सांगतो. मूळ स्प्रिंगा, मूळ स्टिअरिंग, मूळ चाकांच्या मूळ टोप्या! आधी खर्च करून बदलायचं, मग त्याच्या दुप्पट खर्च करून बदललंच नव्हतं असं दाखवायचं. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात. जुन्याचे किती असतात, हे कोणी मोजलंय का?

या सगळ्यात शहाणा माणूस एकच, गॅरेजातला मिस्त्री. गाडी मॉडिफाय करावी का, असं विचारलं की तो पान थुंकतो आणि खाली शिरतो. बाहेर येऊन म्हणतो, ‘साहेब, आधी बुश बदला.’ वीस वर्षांत सस्पेन्शनचे रबरी बुश कडक होऊन चिरलेत, इंजिनाचे माउंटिंग बसलेत, रेडिएटरचे होज फुगलेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कोणाला ठाऊक नाही, आणि तो तुटला तर व्हॉल्व्हसकट इंजिन हातात येईल. टायरला नक्षी दिसते, पण कडेला छापलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. साल वाचलंत? मग बसा डोक्याला हात लावून. ब्रेक ऑइल बदला, चांगले पॅड घाला, टायर नवे घ्या. निम्म्या लोकांना जे ‘मॉड’ करून हवं असतं, ते या दुरुस्तीतच परत मिळतं, कारण गाडी नवी होती तेव्हा ती तशीच चालत होती! हवी तर मग घाला हौस, तीही अशी की परत काढता येईल, आणि काढलेला भाग फडताळात जपून ठेवा. विमेवाल्याला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तो कळवेल.

इतका सरळ सल्ला! कोण ऐकतो? बुश बदलल्याचा फोटो कोण काढणार? ‘या, आमचा नवा रेडिएटर होज बघा’ म्हणून चहाला कोण बोलावणार? खाली बसवलेल्या गाडीला निदान गल्लीतली दहा पोरं तरी जमतात.

तेव्हा नावं ठेवायचं आपण मुळीच थांबवायचं नाही. या उधळ्या, कानठळ्या बसवणाऱ्या, चार बोटांवर घसरत चाललेल्या जगाला कोणीतरी धाक घालायलाच हवा. फक्त ठेवताना जरा आवाज खाली. परवा रात्री दीड वाजता ‘सिंगल ओनर, डॉक्टर, पॅलिओ १.६’ असं आपल्यापैकी कोण शोधत होतं, हे घरच्यांना अजून कळलेलं नाही. सांगायचंच म्हटलं तर आपली जुनी मोटारही गेल्या दिवाळीपासून जरा जास्तच घुमते. ‘सायलेन्सर गंजला होता, म्हणून बदलला’ असं सांगितलंय घरात. आणि रविवारी जुन्या बाजाराकडे कोणाची फेरी होणारच असेल, तर सिटी व्हीटेकचा मूळ सायलेन्सर दिसला की आधी आपल्याला फोन करा. गंजलेला असला तरी चालेल. भावाचं नंतर बघू.